महापालिकेच्या वरिष्ठ विधी अधिकाऱ्याचा पक्षकार नेमका कोण?

प्रश्न : बावडा न्यायसंकुल

नमस्कार. मी कोल्हापुरात, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, गेली नऊ वर्षे दिवाणी बाजूचे काम करते. मिळकतीचे दावे, मनाई हुकूम, भाडेकरूंचे तंटे हे माझे रोजचे काम असून त्यांतील बऱ्याच दाव्यांत महापालिका प्रतिवादी असते. एका महापालिकेत वरिष्ठ विधी अधिकारी या पदासाठी अर्ज करावा, असे माझ्या सिनिअरांनी सुचवले आहे. कोणती महापालिका, हे येथे सांगत नाही.

पगार किंवा बढती यांविषयी मला विचारायचे नाही. खासगी वकिलीत माझा पक्षकार समोरच्या खुर्चीत बसलेला असतो. वकालतनाम्यावर सही त्याची, माहिती त्याची, फीचे पैसेही त्याचेच. महापालिकेत मात्र सही आयुक्तांची, माहिती उपशहर अभियंत्याची, ठराव सभागृहाचा आणि पैसा घरफाळा भरणाऱ्यांचा. कोल्हापुरात 2020 च्या नोव्हेंबरात सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा निदान कागदावर हा प्रश्न सोपा होता, कारण निर्णय घेणारा एकच होता. पण एरवी या चौघांचे म्हणणे एकमेकांविरुद्ध गेले, तर विधी अधिकाऱ्याने कोणाचे ऐकायचे? आयुक्तांना हवे ते एक आणि नस्तीत (कार्यालयीन फाइलमध्ये) दिसते ते दुसरे, अशी वेळ आली तर काय करायचे?

दुसरी शंका सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची आहे. पूर्णवेळ नोकरी पत्करल्यावर न्यायालयात उभे राहता येते का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : निवृत्त विधी अधिकारी

ताई, मी एका महापालिकेच्या विधी विभागात 22 वर्षे काढली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या पहिल्या काही पानांतच आहे. कलम 4 मध्ये महापालिकेची प्राधिकरणे सांगितली आहेत. महापालिका, स्थायी समिती, आयुक्त वगैरे. कलम 5 सांगते की महापालिका ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असून ती स्वतःच्या नावाने दावा लावू शकते आणि तिच्यावरही दावा लावता येतो. तुमचा पक्षकार ही कलम 5 मधली महापालिका आहे. आयुक्त तिच्या वतीने तुम्हाला सूचना देतात, कलम 481 खाली दावा लढवण्याचे किंवा मिटवण्याचे अधिकार वापरतात, काही बाबतींत त्यांना स्थायी समितीची मान्यता लागते; पण आयुक्त बदलून गेले तरी पक्षकार तोच राहतो. हे वाक्य वाचायला सोपे आहे, त्याप्रमाणे वागताना मात्र जड जाते. म्हणून एक प्रसंग सांगतो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 ची नोटीस, जिला सगळे पर्चेस नोटीस म्हणतात, ती तुम्हाला ठाऊक असेलच. विकास आराखड्यात बाग, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी ठेवलेल्या जागेच्या आरक्षणाला 10 वर्षे होऊन गेली आणि जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देतो. ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. 2015 च्या दुरुस्तीने ही मुदत 24 महिन्यांची झाली; मी सांगतो तेव्हा ती बरीच कमी होती. नुसता प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवणे म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात स्पष्ट केले होते.

आमच्याकडे शाळेमागच्या बागेच्या आरक्षणाबाबत अशी नोटीस आली. आवक कक्षात शिक्का बसला, नगररचना विभागात ती पोहोचली आणि तिथे कोणीतरी ती इतर अर्जांबरोबर लाल रुमालात बांधून ठेवली. विधी विभागाला ती दिसली तेव्हा मुदत उलटून गेली होती आणि मालकाची याचिका उच्च न्यायालयात दाखल झाली होती. प्रतिज्ञापत्राचा मसुदा माझ्यापुढे आला, त्यात लिहिले होते की नोटिशीसोबत मालकी हक्काचे कागद जोडलेले नसल्याने ती नोटीसच नव्हे. मी रुमाल सोडून मूळ नोटीस पाहिली. सातबारा आणि मिळकत पत्रिका दोन्ही तिला टाचलेल्या होत्या आणि मिळकत पत्रिकेच्या पाठीवर आमचाच आवक क्रमांक होता.

तो मसुदा मी पुढे पाठवला नाही. टिपणीत लिहिले की कागद जोडलेले आहेत, सबब हा बचाव घेता येणार नाही. त्या विभागाचे प्रमुख माझ्याशी कित्येक महिने बोलत नव्हते; आपलाच माणूस आपल्याविरुद्ध लिहितो, असे ते उघड म्हणत. आम्ही याचिका हरलो आणि बागेचे आरक्षण गेले. त्या गल्लीतल्या मुलांची जागा गेली, याची रुखरुख मला आजही आहे, कारण नोटीस वेळेवर माझ्या टेबलावर आली असती तर मोबदला किंवा टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा हस्तांतरणीय विकास हक्क) यांची बोलणी तरी सुरू करता आली असती. पण शपथेवर खोटे सांगून बाग वाचवणे हा मार्ग महापालिकेच्या हिताचा नव्हता. पुढच्या आठवड्यात त्याच न्यायमूर्तींसमोर आमचे दुसरे प्रकरण असते, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरे.

वरिष्ठ विधी अधिकाऱ्याचे काम न्यायालयात कमी आणि नस्तीवर जास्त असते, असे मी म्हणेन.

उत्तर : पॅनेलवरील वकील

साहेबांच्या अनुभवाबद्दल आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. मी महापालिकेच्या पॅनेलवर, म्हणजे तिची प्रकरणे चालवणाऱ्या बाहेरच्या वकिलांच्या यादीवर, काम करतो. खोटे प्रतिज्ञापत्र देऊ नये, याबद्दल दुमत असूच शकत नाही. परंतु प्रत्येक नस्तीवर निवाडा देणारे विधी अधिकारीही मी पाहिले आहेत. गाळ्यांचे भाडे किती ठेवावे, आरक्षणाची जागा घ्यावी की सोडावी, हे धोरण आहे आणि ते ठरवण्यासाठी लोकांनी दुसऱ्यांना निवडून दिले आहे. कायद्याने दोन मार्ग खुले असतील आणि आयुक्तांनी आपल्याला न पटणारा मार्ग निवडला, तर तो पूर्ण ताकदीने लढवणे हेच आपले काम आहे.

मला विधी अधिकाऱ्याकडून हवे असतात ते वेळेवर आलेले परिच्छेदनिहाय अभिप्राय. कैफियतीला (दाव्याच्या लेखी उत्तराला) 30 दिवस, फार तर 90. निशाणी 5 वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, म्हणणे द्यायला तर कित्येकदा एकच दिवस मिळतो. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 260 ची, म्हणजे अनधिकृत बांधकामाची नोटीस ज्या दिवशी निघते, त्याच दिवशी कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, असा न्यायालयातला अर्ज) दाखल व्हायला हवे. ते 90 दिवसच टिकते, म्हणून त्याचीही तारीख कोणीतरी राखावी लागते. अनेकदा अभियंता नोटीस देतो, कॅव्हेट कोणी लावत नाही, मिळकतदार तूर्तातूर्त मनाई घेऊन येतो आणि मग दोन मजल्यांचे चार होईपर्यंत तारखा पडत राहतात.

बांधकामे पाडण्याबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालानंतर तर विधी अधिकाऱ्याची जबाबदारी वाढली आहे. किमान 15 दिवसांची कारणे दाखवा नोटीस, वैयक्तिक सुनावणी, कारणांसह आदेश, पाडकामाचे चित्रीकरण. यात कसूर झाल्यास भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. जेसीबी निघण्यापूर्वी ही नस्ती ज्याने शेवटची तपासायची, तो माणूस तुम्ही असाल.

सनदेबद्दल : बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. मात्र 2013 मध्ये दीपक अग्रवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की नेमणुकीच्या अटींनुसार मुख्य काम न्यायालयात प्रकरणे चालवण्याचेच असेल, तर तो माणूस वकीलच राहतो. त्यामुळे पदनामावर जाऊ नका, नेमणुकीच्या अटी अक्षरशः वाचा.

उत्तर : जयंती नाला

मी वकील नाही. नाल्याकाठी राहतो, 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी आमच्या उंबऱ्यावर होते, त्यामुळे या चर्चेत मला रस आहे. वर ज्या 2024 च्या निकालाचा उल्लेख आला, त्यात रस्ता, पदपथ, नदी किंवा जलाशयाच्या जागेतील अनधिकृत बांधकामांना ते निर्देश लागू नाहीत, असेही म्हटले आहे. पण नाल्याची हद्द मोजून नकाशावर दाखवलेलीच नसेल, तर हे बांधकाम त्यात येते, हे न्यायालयाला पटवणार कसे? भराव पडल्यावर तक्रार करणारे आम्ही असतो. हद्दीची मोजणी आधी करून घ्या, असे नगररचना विभागाला लेखी सांगणारे कोणीतरी आत असावे, एवढीच अपेक्षा आहे.

आणखी एक. माझ्या भावाचे दुसऱ्या एका शहरातील घर. घरफाळ्याच्या आकारणीत गच्ची आणि पार्किंग दोनदा मोजले होते. त्याने कराची रक्कम भरून महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली आकारणीविरुद्ध अपील केले आणि महापालिकेच्या बाजूने चार वर्षे फक्त तारखा मागितल्या गेल्या. नंतर नव्या विधी अधिकारी बाई आल्या, त्यांनी मोजणीचा तक्ता स्वतः पाहिला, चूक मान्य असल्याचे लिहून दिले आणि दोन तारखांत प्रकरण संपले. भाऊ आज त्या महापालिकेबद्दल पूर्वीसारखे बोलत नाही.

पुन्हा : बावडा न्यायसंकुल

सर्वांचे मनापासून आभार. पॅनेलवरील वकील सरांनी धोरण आणि कायदा यांतील सीमा दाखवली, ती माझ्या लक्षात आली नव्हती. कलम 406 च्या अपिलांत मीही अनेकदा समोरच्या बाजूच्या तारखा सोसल्या आहेत. साहेब, मुलाखतीला गेले तर मी काय विचारावे?

उत्तर : निवृत्त विधी अधिकारी

आवक कक्षातून नोटीस विधी विभागात किती दिवसांत पोहोचते आणि तिच्यावर मुदतीची तारीख कोण घालतो, हे आधी विचारा. आमच्याकडे त्या बागेच्या प्रकरणानंतर कलम 127 च्या नोटिशींसाठी नोंदवहीत स्वतंत्र पाने राखली गेली.

पॅनेलवरील वकिलांचे धोरणाबाबतचे म्हणणे मला मान्य आहे. म्हणूनच दुसरे हे विचारा की विधी विभागाच्या अभिप्रायाविरुद्ध निर्णय झाला, तर त्याची कारणे त्याच नस्तीवर लिहिली जातात का. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात बसते. आमच्या वेळी याचिका मुंबईत असायची, महालक्ष्मी एक्स्प्रेसने गठ्ठे घेऊन जावे लागे आणि नस्ती मागवली की आठवडा सहज मिळे. आता कोल्हापूर महापालिकेची मुख्य इमारत आणि ते न्यायालय यांत चालत जाण्याइतकेच अंतर आहे. सकाळी मागितलेली मूळ नस्ती दुपारी न्यायमूर्तींच्या हातात असू शकते. शक्य झाल्यास एखादी बंद झालेली जुनी नस्ती पाहायला मागा आणि टिपणीच्या पानांवर क्रमांक घातलेले आहेत का, तेवढे बघा.