जमैकाच्या ७ राष्ट्रनायकांत बाई एकच, पटतं का तुम्हाला?

माळावरची_वीणा:
ऑक्टोबरचा तिसरा सोमवार म्हणजे जमैकात हीरोज डे. सरकारी यादीत राष्ट्रनायक ७, त्यात बाई एकच, नॅनी, अठराव्या शतकात इंग्रजांशी लढलेल्या बंडखोरांची पुढारी. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारा मार्कस गार्वी यादीत आहे, पण १९१४ ला किंग्स्टनमध्ये त्याच्यासोबत त्यासाठीची संघटना उभी करणारी अ‍ॅमी अ‍ॅशवुड नाही, तेव्हा ती जेमतेम १७ वर्षांची होती आणि पुढे १९४५ ला मँचेस्टरच्या पॅन-आफ्रिकन काँग्रेसचं, म्हणजे जगभरच्या आफ्रिकन वंशाच्या लोकांच्या परिषदेचं, पहिलं सत्र तिच्याच अध्यक्षतेखाली झालं, तरी ओळख काय तर गार्वीची पहिली बायको!! दुसरी बायको अ‍ॅमी जॅक्स, नवरा जेलमध्ये असताना त्याचं लेखन गोळा करून छापलं ते तिने. नाव अर्थात त्याचंच झालं.

दगडफूल:
झालं सुरू. अहो नॅनी ५०० डॉलरच्या नोटेवर आहे, लोक त्या नोटेलाच 'नॅनी' म्हणतात. २००६ ला बाई पंतप्रधान झाली तिथे. याला दुर्लक्ष म्हणायचं का? आणि नॅनी गोळ्या झेलायची वगैरे ऐकलंय, पुरावा काय त्याला?

माळावरची_वीणा:
गोळ्यांचं सोडा, ती दंतकथाच आहे. पण १७३३ च्या इंग्रजांच्या दप्तरात नोंद आहे की बंडखोरांची ती जादूटोणा करणारी म्हातारी मारली म्हणून एकाला बक्षीस दिलं, आणि १७४० च्या सुमाराला त्याच इंग्रजांनी नॅनी आणि तिच्या लोकांच्या नावे ५०० एकर जमीन लिहून दिली. मेलेल्या बाईला जमीन?? म्हणजे एक तर बक्षीस फुकट गेलं नाहीतर नॅनी दोन होत्या. बाईबद्दल धड दोन ओळी कोणी लिहून ठेवल्या नाहीत, माझा मुद्दा तोच आहे.

अर्धवट_शहाणा:
दोघांनाही एक विचारतो. नॅनीचे लोक म्हणजे मरून, गुलामीतून निसटून डोंगरात राहिलेले. त्यांनी १७३९ ला इंग्रजांशी तह केला त्यात नवीन पळून आलेले गुलाम परत करायचं कलम होतं. उत्सव करताना हे कुणी बोलत नाही, बाई असो की बाप्या.

लसूणचटणी:
कलम खरंय, सांगायलाच पाहिजे. पण मला यादीचाच कंटाळा आलाय. आपल्याला जमैका म्हणजे क्रिकेटचं सबिना पार्क मैदान आणि तिथले दिलीप सरदेसाईंचे २१२ रन, त्यापुढे आपण जात नाही, तर जरा मिस लू बघा. लुईझ बेनेट. ज्या पॅटवाला, म्हणजे तिथल्या लोकांच्या रोजच्या बोलीला, शिकलेले लोक मोडकं इंग्रजी म्हणून नाक मुरडायचे त्यात तिने कविता केल्या, रेडिओ केला, टीव्हीवर पोरांचा कार्यक्रम १०-१२ वर्षं चालवला. अंगावर बंडाना कापड, जे मुळात आपल्या मद्रासचं चौकडीचं! बाजारात टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायका, तिथे हिगलर म्हणतात, त्यांची बोली तिने स्टेजवर आणली. तिला राष्ट्रनायक करा अशी मागणी तिथे होतेच, पण माझ्या मते गरज नाही, ती लोकांच्या तोंडात आहे.

माळावरची_वीणा:
हे बरंय, म्हणजे पुरुषांना पुतळे आणि बायका लोकांच्या तोंडात! पुस्तकात यादीच छापली जाते ताई, तोंडातलं नाही.

लसूणचटणी:
छापलेलं किती पोरं वाचतात गं? परीक्षा झाली की विसरतात.

दगडफूल:
बरं बाबा, अ‍ॅशवुडचं मला पटलं, तिचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. पण आठवी जागा तिला की मिस लूला, ते आधी तुम्ही दोघी भांडून ठरवा, मग मी विरोध करायला येतो.