अनुभव धागा : भुताखेतांची नवी कॉमिक्स आणि आपल्याकडची रात्र

गेल्या काही वर्षांत भयकथांची कॉमिक्स पुन्हा जोमाने निघू लागली आहेत. राज कॉमिक्सच्या 'थ्रिल हॉरर सस्पेन्स' मालिकेतले जुने अंक नव्या छपाईत मिळतात, याली ड्रीम क्रिएशन्ससारखे प्रकाशक मोठ्या वाचकांसाठी सचित्र भयकथा काढतात, आणि अमेरिकेत ओनी प्रेसने २०२४ मध्ये ईसी कॉमिक्स हे १९५०च्या दशकातले गाजलेले नाव पुन्हा सुरू केले आहे. यातले मराठीत जवळजवळ काहीच येत नाही, तरीही आपल्या खेड्यापाड्यांत ते हातोहात फिरते, हे मी आमच्या गावच्या वाचनालयाच्या नोंदवहीत पाहतो. म्हणून सर्वांना विनंती आहे की आपण काय वाचले, कुठे बसून वाचले आणि भीती नेमकी कोणत्या चित्रापाशी वाटली, हे सविस्तर लिहावे.

सुरुवात मी करतो. वणी तालुक्यात आमचे वावर नाल्याला लागून आहे आणि हरभरा घाट्यावर आला की रानडुकरांसाठी जागलीला जावे लागते. गेल्या हिवाळ्यात मचाणावर बॅटरीच्या उजेडात मी एक हिंदी अंक वाचत होतो. पान उलटले तर समोर पूर्ण पानभर एकच चित्र होते: विहिरीचा काठ, त्यावर टेकलेले दोन ओले हात आणि आत काळोख. नेमके तेव्हाच खालच्या बांधाकडून झाडे मोडल्याचा आवाज आला. डुकरेच होती आणि टिनाचा डबा वाजवताच ती पळाली, पण डब्याकडे हात जायला जो उशीर लागला तो मला अजून आठवतो. त्या अंकाचा शेवट मात्र नेहमीचाच निघाला. नायक येतो, मंत्र म्हणतो आणि भूत जळून जाते. विहिरीचे ते एक पान नसते तर मी तो अंक दुसऱ्या दिवशी विसरलो असतो.

निवृत्त शिक्षक, आर्वी तालुका

आमची सुरुवात इंद्रजाल कॉमिक्सपासून झाली. १९६४ मध्ये निघालेल्या या मालिकेच्या मराठी अंकांत फँटमचे नाव 'वेताळ' असे होते. मसणवटीतला वेताळ ऐकून वाढलेल्या मला, बुरखा घातलेला हा घोडेस्वार वेताळ कसा, हे कोडे कितीतरी दिवस सुटले नव्हते. पुढे भयकथांच्या कॉमिक्सचा इतिहास वाचला. १९५४ मध्ये अमेरिकेत सिनेटच्या उपसमितीपुढे या पुस्तकांविषयी सुनावण्या झाल्या आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःहून एक संहिता स्वीकारली. शीर्षकात 'हॉरर' किंवा 'टेरर' हे शब्द वापरायचे नाहीत, रक्तपिपासू पिशाच्चे आणि माणसाचे लांडगे होणे दाखवायचे नाही, असे तिच्यात होते. १९७१ मध्ये ती सैल झाली. बंदीने पुस्तके सुधारतात असे मला वाटत नाही, आणि ईसीचे नाव पुन्हा छापले गेले याचा मला मनापासून आनंद आहे.

तरीही एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. नोकरीच्या काळात मी एका गावी होतो, तिथे एका पावसाळ्यात पाठोपाठ गुरे मेली आणि एकट्या राहणाऱ्या एका विधवा बाईंवर आळ आला. त्या आठवड्यात चित्रकलेच्या तासाला पाचवीतल्या एका मुलाने त्या बाईंचे चित्र काढले. मोकळे पांढरे केस, हातात कंदील आणि पावले उलटी. चुंबळ, लुगड्याचा काठ, दारातले तुळशीवृंदावन सारे हुबेहूब होते, फक्त पावले तेवढी त्याने कॉमिकमधून घेतली होती. मी ते चित्र कुणाला दाखवले नाही. त्या बाईंकडे मुलांना घेऊन गेलो आणि त्यांच्या हातचे पाणी सर्वांसमोर प्यालो. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, ही गोष्ट त्याच्या बरीच आधीची आहे. नवे अंक चाळताना मी सर्वांत आधी हेच पाहतो की चेटकीण म्हणून कुणाला काढले आहे. आजही पुष्कळदा ती एकटी म्हातारीच असते. काढणाऱ्यांनी तेवढे टाळावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पडदे रंगवणारा, वडसा

झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणे हा माझा व्यवसाय आहे. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की रात्ररात्र नाटके चालतात आणि विंगेत बसून वाचायला भरपूर वेळ मिळतो. तिथेच मी यालीचे 'कॅरव्हान' वाचले. शामिक दासगुप्ता यांची कथा आणि बिकाश सत्पथी यांची चित्रे असलेल्या त्या पुस्तकात राजस्थानच्या वाळवंटात रक्तपिपासूंचा तांडा कलावंतांच्या रूपाने फिरतो. आमचाही तांडाच असतो, आम्हीही पहाटे सामान गाडीत टाकून पुढच्या गावी निघतो, त्यामुळे ते वाचताना समोरच्या नटांच्या रंगवलेल्या चेहऱ्यांकडे माझे लक्ष वारंवार जात होते.

मी मात्र रंगासाठी पुन्हा पुन्हा पाने पाहिली. पडद्यावर रात्र रंगवताना आम्ही आधी निळा देतो आणि काळा शेवटी, कारण पेट्रोमॅक्स असो वा हॅलोजन, नुसता काळा मेल्यासारखा दिसतो. चांगल्या भयकथेच्या पानावरही काळ्याखाली कुठला तरी दुसरा रंग जिवंत असतो. माझी इच्छा एवढीच आहे की कुणीतरी आपला चकवा काढावा. तो नाटकात दाखवता येत नाही, मी प्रयत्न केला आहे. आपल्याच वावरात माणूस रात्रभर फिरत राहतो आणि बांध सापडत नाही, हे रंगमंचावर हास्यास्पद दिसते. पण कॉमिकच्या पानावर एकाखाली एक चौकटी असतात. प्रत्येक चौकटीत माणूस पुढे चालताना दाखवायचा आणि मागे तीच वाकडी बाभूळ, तिच्या फांदीला अडकलेली तीच चिंधी. वाचणाऱ्याला ते तिसऱ्या चौकटीत कळेल आणि चालणाऱ्याला पान संपले तरी कळणार नाही. चकव्याला चेहरा काढायची गरजच पडणार नाही. मी कच्ची रेखाटने केली आहेत, लिहिणारा कुणी असेल तर सांगावे.

मूर्तिजापूर तालुका

मी 'दीज सॅवेज शोअर्स' वाचले. लेखन राम व्ही, चित्रे सुमित कुमार आणि अक्षरलेखन आदित्य बिडीकर यांचे आहे. अठराव्या शतकात कंपनीच्या जहाजातून एक युरोपीय पिशाच्च मलबारच्या किनाऱ्यावर उतरते आणि तिथे त्याच्याहून जुने काहीतरी आधीच राहत असते. इंग्रजी जड गेले, शब्दकोश घेऊन बसावे लागले, पण ते सार्थकी लागले.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुसद तालुका

जपानी चित्रकथाकार जुंजी इतो यांचे 'उझुमाकी' मी आधी मोबाईलवर वाचले आणि मला ते विशेष वाटले नाही. नंतर पुस्तक मागवले. कुरिअर आमच्या गावापर्यंत येत नाही, त्यामुळे दिग्रसच्या एका दुकानात ते आठ दिवस पडून होते. परतीच्या एसटीत उघडले. ते उजवीकडून डावीकडे वाचायचे असते. इतो सर्वांत भयंकर चित्र पान उलटल्यानंतरच्या जागी ठेवतात, हे तेव्हा लक्षात आले. मोबाईलवर बोट सरकवताना ते चित्र खालून हळूहळू वर येते, पुस्तकात ते एकदम समोर उभे राहते. माझा हात पानाच्या कोपऱ्यावर थांबायचा आणि शेजारच्या मावशी विचारायच्या, "काय झालं बाई?"

त्या कथेत एका गावाला सर्पिल आकाराचे वेड लागते. शंख, धूर, केस, सगळ्यात तोच आकार दिसू लागतो. वैशाखात नांगरलेल्या काळ्या रानातून वावटळ उठली की माझी आजी आम्हाला आत ओढून घेते, त्यात भूत असते म्हणून. यंदा वावटळ आली तेव्हा मी स्वतःहून आत गेले.

मूल तालुका, जिल्हा चंद्रपूर

भावाने नागपूरहून 'समथिंग इज किलिंग द चिल्ड्रन' आणून दिले. २०१९ पासून निघणाऱ्या या मालिकेत मुलांना खाणारे राक्षस बहुतेक मुलांनाच दिसतात, मोठ्यांना दिसत नाहीत. पहिल्याच भागात मित्रांमधून एकटा वाचलेला मुलगा जे सांगतो त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, उलट त्याच्यावरच संशय घेतला जातो.

आमच्याकडे एप्रिलमध्ये पहाटेच मोहफुले वेचायला जंगलात जावे लागते. दोन वर्षांपूर्वी माझा भाचा म्हणाला की नाल्यापलीकडच्या झुडपात पट्टे दिसले. सहा वर्षांचा तो मुलगा, आम्ही त्याला गप्प केले आणि टोपली भरत राहिलो. चौथ्या दिवशी शेजारच्या गावातल्या एक बाई त्याच नाल्यापाशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या मुलाला अजून कुणी म्हटलेले नाही की तू खरे सांगितले होतेस. मी हे पुस्तक वाचून संपवले त्या रात्री त्याला जवळ बसवून तसे सांगितले. त्याने फक्त विचारले, "पुस्तकातल्या पोराचं कुणी ऐकलं का?" मी सांगितले की एक बाई येते आणि ती ऐकते.

मोहाच्या दिवसांत मी ते पुस्तक पेटीत ठेवते. पाऊस लागला की पुन्हा काढते.