संक्रांतीचा कार्यक्रम: अहिराणी सिनेमा, वरणबट्टी आणि बारचा परवाना

प्रेषक: सचिव
सोमवार, २४ नोव्हेंबर

राम राम मंडळी,

इंग्लंडमधल्या आपल्या खानदेशी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम शनिवारी, १७ जानेवारीला, नेहमीच्याच कम्युनिटी हॉलमध्ये ठरला आहे. दुपारी हळदीकुंकू, मग वरणबट्टी आणि वांग्याची भाजी, आणि संध्याकाळी सहाला शिरपूरकडच्या पोरांनी केलेला अहिराणी सिनेमा. भारतात त्याला ‘यूए’ सर्टिफिकेट आहे, त्यामुळे मुलांना दाखवायला अडचण नाही. निर्मात्याने फोनवर होकार दिलाय.

या वेळी बऱ्याच जणांची मागणी आहे की छोटा बार ठेवावा. तिकिटातच एक ग्लास वाइन किंवा बिअर धरू, म्हणजे ती विक्री होत नाही आणि परवान्याचा प्रश्नच येत नाही. तिकीट मोठ्यांना १८ पौंड, मुलांना ८. सूचना असतील तर रविवारपर्यंत कळवा.

सचिव


प्रेषक: भुसावळची ताई
सोमवार, २४ नोव्हेंबर, रात्री

सचिवभाऊ,

सिनेमाचं वाचून फार आनंद झाला. माझ्या दोन्ही पोरांनी अहिराणी फक्त फोनवर ऐकलीय, आजीच्या तोंडून. पण बारला माझा विरोध आहे, आणि तो मनापासून आहे.

माझं माहेर चोपड्याकडचं. गावातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायकांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या, तेव्हा माझी आई त्यांच्यात होती. आपल्याकडे निदान तशी सोय तरी आहे: गावातल्या पाव हिस्सा बायकांनी मागणी केली की सरकारला मतदान घ्यावं लागतं, उभी बाटली की आडवी बाटली. आई आडव्या बाटलीवर शिक्का मारून आली त्या दिवशी तिने घरात गोडाचं केलं होतं. आता मीच माझ्या लेकरांना बाटल्यांच्या टेबलाशेजारी बसवून सिनेमा दाखवू? मला नाही जमणार.

ताई


प्रेषक: पारोळ्याचा नाना
मंगळवार, २५ नोव्हेंबर

सचिव, ताई आणि सगळी मंडळी,

मी इथे अकरा वर्षं पबच्या काउंटरमागे काढली. दारूविक्रीचा पर्सनल लायसन्स आजही माझ्याकडे आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. सचिवांच्या पत्रात तीन गोष्टी चुकल्या आहेत आणि त्यातली एक फार मोठी आहे.

आधी लहान चूक. तिकिटात ग्लास धरला तरी ती विक्रीच. पैसे ग्लासाचे म्हणून घेतले की तिकिटाचे म्हणून, कायद्याला फरक पडत नाही. ‘ऐच्छिक देणगी’ची पेटी ठेवून पेला हातात दिला तरी तेच. इंग्लंडमध्ये दारूविक्री आणि चित्रपट दाखवणं, दोन्ही २००३च्या लायसन्सिंग कायद्याखाली येतात. तो लागू झाला नोव्हेंबर २००५ मध्ये. त्याआधी दारूचा परवाना मॅजिस्ट्रेट द्यायचे आणि सिनेमाचा कौन्सिल, म्हणजे इथली पालिका. आता दोन्ही एकाच टेबलावर. परवान्याशिवाय विक्री केली तर मर्यादा नसलेला दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती मंडळाच्या नावावर नाही, करणाऱ्या माणसाच्या नावावर.

बार ठेवायचाच असेल तर मार्ग सोपा आहे. टेम्पररी इव्हेंट नोटीस, म्हणजे एका कार्यक्रमापुरती तात्पुरती सूचना. कौन्सिलला २१ पौंड भरून द्यायची. कार्यक्रमाच्या किमान दहा कामाचे दिवस आधी ती पोचली पाहिजे, आणि त्यात पोचल्याचा दिवस व कार्यक्रमाचा दिवस धरायचा नाही. एका वेळी हॉलमध्ये ४९९पेक्षा जास्त माणसं नकोत, आणि त्यात वाढपी, स्वयंपाकी, आपण कार्यकर्ते सगळे आले. पोलिस आणि पर्यावरण-आरोग्य खात्याला तीन कामाचे दिवस मिळतात हरकत घ्यायला. १७ जानेवारीसाठी नोटीस २ जानेवारीला पोचली तरी चालते, पण नाताळच्या सुट्ट्यांत कोण बसलंय, म्हणून डिसेंबरच्या मध्यालाच द्यायची. सही मी करतो.

आता मोठी चूक. भारतातलं सर्टिफिकेट इथे चालत नाही. अजिबात नाही.

आपल्याकडचा ‘यूए’ म्हणजे मोठ्यांनी सोबत बसून, समजावून दाखवावा. ठरवणार आई-बाप. इथे मुलांना आत घ्यायचं की नाही हे ठरतं बीबीएफसीच्या, म्हणजे ब्रिटिश चित्रपट-वर्गीकरण मंडळाच्या, श्रेणीवर, नाहीतर स्थानिक कौन्सिलने त्या चित्रपटाला स्वतः दिलेल्या श्रेणीवर. परवान्याच्या जागेत चित्रपट दाखवायचा तर ही अट कायद्याच्या विसाव्या कलमाने आपोआप चिकटते, कौन्सिलने वेगळी घालायची गरज नाही. आणि इथली ‘१५’ म्हणजे पंधराच. आई मांडीवर घेऊन बसली तरी चौदाचा पोरगा आत नाही. ‘१२ए’ असेल तर बारापेक्षा लहान मूल मोठ्या माणसासोबत येऊ शकतं. हा सिनेमा मी काल रात्री बीबीएफसीच्या यादीत शोधला. तिथे तो नाही. म्हणजे आजच्या घडीला कायद्याच्या नजरेत त्याला श्रेणीच नाही.

तुम्ही म्हणाल, आपण कुठे थिएटर चालवतोय. बरोबर, आणि त्यासाठी एक चांगली सूट आहे. एप्रिल २०१५पासून कम्युनिटी हॉल, चर्चचा हॉल अशा जागी नफ्याचा हेतू न ठेवता सिनेमा दाखवायला परवाना लागत नाही. सकाळी ८ ते रात्री ११च्या दरम्यान, प्रेक्षक ५००पर्यंत, हॉल चालवणाऱ्यांची आधीच घेतलेली लेखी संमती, आणि मुलांच्या प्रवेशावर पुन्हा तीच श्रेणीची अट. सूट परवान्यातून आहे, श्रेणीतून नाही. इथेच लोक फसतात. काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्या शहरातल्या कार्यक्रमात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मध्यंतराच्या आधी तपासनीस आला, श्रेणी विचारली, कोणाकडे कागद नव्हता. चाळीसेक पोरं कोट घालून लॉबीच्या थंड फरशीवर दोन तास बसली. तिळगुळाच्या पुड्या त्यांच्या हातात तशाच होत्या. मला ते आजही बोचतं, कारण मी तिथे होतो आणि आधी विचारलं नव्हतं.

मला याची चीड येण्याला दुसरंही कारण आहे. अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत, वैशाखात, बोरीच्या वाळूत तंबू टॉकीज लागायची. माझे काका तिच्या दारावर उभे असत. ‘ए’ सर्टिफिकेटचा खेळ असला की ते कंदील उचलून प्रत्येकाच्या ओठांजवळ धरत आणि मिसरूड बघत. मिसरूड फुटलं नसेल तर मागे फिर. मला, सख्ख्या पुतण्याला, दोनदा मागे फिरवलं. आणि तोंडाला वास आला तर मिशीवाल्यालाही मागे फिरवत, मग तो गावचा पाटील का असेना. काकांना कायद्याचं कलम माहीत नव्हतं. पण कलेक्टर कचेरीतून आलेला परवाना ते तंबूच्या खांबाला काचेच्या चौकटीत लावत आणि रोज सकाळी धोतराच्या सोग्याने काच पुसत.

तिसरी चूक: निर्मात्याचा फोनवरचा होकार. सार्वजनिक ठिकाणी दाखवण्याची परवानगी हा कॉपीराइटचा वेगळा विषय आहे, लायसन्सिंगचा नाही, पण लेखीच हवी. पोरांना म्हणावं, तारीख, जागा आणि किती वेळा दाखवणार हे लिहून एक ईमेल टाका.

पैशाचंही लिहितो. १८ पौंडांचं एकच तिकीट नको. सिनेमाचं तिकीट फक्त खर्च भागेल एवढं. जेवणाचा आकार वेगळा घ्या आणि त्यात मंडळाला दोन पैसे उरले तरी सूट जात नाही. जेवणासारख्या वेगळ्या गोष्टीचा वेगळा आकार चालतो, हे सरकारच्या मार्गदर्शनातच आहे.

नाना


प्रेषक: धुळ्याचा जिभाऊ
मंगळवार, २५ नोव्हेंबर

नाना, फार उपयोगी. एक विचारतो. श्रेणीची अट मुलांपुरतीच असेल तर सरळ अठरा वर्षांवरच्यांनाच आत घेऊ. पोरांना बाजूच्या खोलीत कार्टून लावून देऊ, दोघी-तिघी लक्ष ठेवतील. मग श्रेणीही नको आणि बारही चालेल. वेळ वाचेल.

जिभाऊ


प्रेषक: पारोळ्याचा नाना
बुधवार, २६ नोव्हेंबर

जिभाऊ,

कायद्याने तुझं म्हणणं बरोबर आहे. अठराच्या आतलं कोणीही नसेल तर श्रेणीची अट लागतच नाही. पण मग आपण हा सिनेमा दाखवतोय कोणासाठी? तुला-मला अहिराणी येते. आपण ती शिरपूरच्या स्टँडवर, बोरकुंडच्या शेतात ऐकून मोठे झालो. ज्यांना ती ऐकायला मिळायला हवी ती बाजूच्या खोलीत इंग्रजी कार्टून बघणार. हा मार्ग मला मान्य नाही, आणि मंडळाने तो घेऊ नये अशी माझी हात जोडून विनंती आहे.

उलट कर. बार गेला तरी चालेल, पोरं आत पाहिजेत.

कौन्सिलकडून श्रेणी मिळते. आपल्या कौन्सिलला अर्ज साधारण २८ दिवस आधी हवा असतो. सोबत सिनेमाची प्रत, कथेचा सारांश, मारामारी, शिव्या, व्यसन, भीतीदायक दृश्यं कुठे कितव्या मिनिटाला आहेत त्याची यादी. २८ दिवस मागे मोजले तर २० डिसेंबर येतो, शनिवार. म्हणजे १२ डिसेंबरच्या आत अर्ज गेलेला बरा. एक अडचण आहे: प्रतीवर इंग्रजी सबटायटल नाहीत. अधिकाऱ्याला अहिराणी कळणार नाही, आणि न कळलेल्या संवादाला तो सावध होऊन वरची श्रेणी देईल.

बारबद्दल ताईंचं मला पटतं. तरी बहुमताने ठेवायचा ठरला तर माझ्या सहीखाली एवढं होईल: सिनेमा सुरू असताना बार बंद. साडेआठला सिनेमा संपल्यावर मागच्या खोलीत उघडेल, हॉलमध्ये नाही. पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाला ओळखपत्र विचारलं जाईल. आपल्याकडे बिअरला २१ आणि कडक दारूला २५ आहे, इथे सरसकट १८. इथला कायदा सोळा-सतराच्या मुलाला मोठ्यांसोबत, टेबलावर जेवताना, मोठ्याने विकत घेतलेली बिअर प्यायला देतो. वरणबट्टीचं ताट पुढे करून हे कोणी मागितलं तर मी नाही म्हणणार. पिण्याचं पाणी फुकट आणि समोर ठेवलेलं. परवान्याच्या पबला ते सक्तीचं असतं, आपल्या एका दिवसाच्या नोटिशीला नसेल, तरी ठेवायचं.

नाना


प्रेषक: भुसावळची ताई
शनिवार, २९ नोव्हेंबर

नाना,

निर्मात्याने लिंक पाठवली. तीन रात्री बसून मी सबटायटल करतेय. निम्मं झालं. एका ठिकाणी अडले आहे, म्हणून मेलिंग लिस्टवर विचारते.

बाराव्या मिनिटाला पोरगं उशिरा घरी येतं आणि आई चुलीपुढून न वळताच म्हणते, “तुना मुडदा बसो, कथा जायेल व्हता?” आणि बोलता बोलता त्याच्या ताटात भाकरी टाकते, वर ठेचा, वर तेलाची धार. शब्दाला शब्द लावला तर इंग्रजीत आई पोराचं मरण मागतेय असं होईल, आणि तो अधिकारी ते धमकीच्या रकान्यात लिहील. माझी आजी हे वाक्य दिवसातून दहादा म्हणायची आणि तिच्याइतका जीव कोणी लावला नाही.

मी सध्या इंग्रजीत अशा अर्थाचं लिहिलंय: “कुठे होतास रे, जीव टांगणीला लागला माझा.” यातला राग गेला, पण माया राहिली. आणि वेगळ्या कागदावर कौन्सिलसाठी टीप लिहिलीय की खानदेशात आया असं लाडाने रागावतात, दृश्यात ती त्याला जेवायला वाढतेय ते पाहावं. चालेल का?

दुसरं. पंचेचाळिसाव्या मिनिटाला सातपुड्याच्या पायथ्याला मोहाची दारू पिऊन दोघे भांडतात. कुऱ्हाड उचलतात पण मारत नाहीत. ते मी यादीत स्पष्ट लिहिलंय, लपवलं नाही.

ताई


प्रेषक: पारोळ्याचा नाना
रविवार, ३० नोव्हेंबर

ताई, चालेल. टीप तशीच ठेव. कुऱ्हाडीचं लिहिलंस ते फार बरं केलंस. यादीत नसलेली गोष्ट पडद्यावर दिसली की अधिकाऱ्याचा बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो. मूळ वाक्य अहिराणीत, देवनागरीत, टिपेत वर लिही. वाचता आलं नाही तरी त्याला दिसू दे.

नाना


प्रेषक: सचिव
बुधवार, १० डिसेंबर

मंडळी,

कार्यकारिणीच्या बैठकीत ठरलं ते कळवतो. माझ्या पहिल्या पत्रातली तिकिटाची आणि सर्टिफिकेटची माहिती चुकीची होती, ती रद्द समजावी.

बार नाही. मतं सात विरुद्ध चार पडली. त्यामुळे नोटिशीची गरज उरली नाही. सिनेमाचं तिकीट ४ पौंड, मुलांना २. जेवण वेगळं, ९ पौंड. हॉलच्या समितीची लेखी संमती आली आहे. निर्मात्याची परवानगी ईमेलने आली आहे. श्रेणीचा अर्ज आज सकाळी कौन्सिलकडे गेला, सोबत ताईंची सबटायटल असलेली प्रत, यादी आणि टीप.

श्रेणी आल्यावर याच मेलिंग लिस्टवर कळवेन. ‘१५’ आली तर तो सिनेमा त्या दिवशी दाखवायचा नाही, असंही ठरलं आहे. निर्मात्याकडे एक अर्ध्या तासाचा कानबाईच्या उत्सवाचा माहितीपट आहे, त्याचाही अर्ज सोबत जोडलाय.

दारावर नाना उभे राहतील. बट्ट्यांसाठी गव्हाचं जाडसर पीठ आणि मक्याचं पीठ कोण आणणार ते शुक्रवारपर्यंत कळवा. गेल्या वेळी ओवा कमी पडला होता.

सचिव