‘नाक्तखेबोरेन’ : एका डच आडनावाचा अर्थ आणि तळटीपेचा पेच

मैथिली_अनुवाद
सस्तन प्राण्यांच्या प्रसूतीविषयीच्या एका लेखाचे मराठी भाषांतर मी सध्या करीत आहे. त्यात कोर्नेलिस नाक्तखेबोरेन या डच प्राणिशास्त्रज्ञांचा उल्लेख येतो. देवमाशांचे ख्यातनाम अभ्यासक स्लायपर यांच्याबरोबर त्यांनी जन्मप्रक्रियेच्या जीवशास्त्रावर लिहिलेला जर्मन ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. डच भाषेत ‘नाक्त’ म्हणजे नागडा आणि ‘खेबोरेन’ म्हणजे जन्मलेला, त्यामुळे जन्माच्या अभ्यासकाचे आडनावच ‘नागडा जन्मलेला’ असावे, या योगायोगाची संपादकांना मोठी मौज वाटली. नेदरलँड्स नेपोलियनच्या ताब्यात असताना त्याने १८११ मध्ये सर्वांना आडनाव घेण्याची सक्ती केली, तेव्हा काही डच लोकांनी थट्टेने अशी नावे लिहवून घेतली, अशी तळटीप मी द्यावी, असा त्यांचा आग्रह आहे. ही हकीकत इतक्या ठिकाणी इतक्या एकसारख्या शब्दांत वाचायला मिळते की मला तिचाच संशय येऊ लागला आहे. ही तळटीप टिकेल का, आडनाव देवनागरीत नेमके कसे लिहावे आणि ते आज नेदरलँड्समध्ये कितपत आढळते, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

आइंडहोवनकर
तळटीप टिकणार नाही. १८ ऑगस्ट १८११ चा हुकूम खरा आहे, आणि लोकांनी तो पुरता मनावर न घेतल्यामुळे नेदरलँड्सचा राजा पहिला विल्यम याला १८२५ मध्ये पुन्हा तशीच आज्ञा काढावी लागली, हेही खरे आहे. परंतु हॉलंडच्या शहरांत आणि दक्षिणेकडील प्रांतांत बहुतेकांना तोवर कित्येक पिढ्यांची आडनावे होती. नवी आडनावे घेण्याची पाळी मुख्यतः फ्रीसलँड, ग्रोनिंगेन, ड्रेन्थ अशा भागांवर आली, कारण तेथे अजून बापाच्या नावावरून मुलाची ओळख सांगण्याची रीत चालू होती. नाक्तखेबोरेन हे मूळचे दक्षिण हॉलंडकडचे आडनाव असून १८११ च्या कितीतरी आधीच्या नोंदींत ते सापडते. जे नाव नेपोलियनच्या जन्मापूर्वीपासून वापरात होते, ते त्याची खिल्ली उडवण्यासाठी घेतले, हे म्हणणे कालक्रमातच बसत नाही. इथल्या सहकाऱ्यांना मी हे सांगतो तेव्हा ते हिरमुसतात, कारण ही गोष्ट त्यांना शाळेपासून ऐकून पाठ झालेली असते आणि तिच्यात परक्या सत्तेला हळूच चिमटा काढल्याचे समाधानही असते.

जुना_मुद्रितशोधक
मग मूळ काय? नामशास्त्राच्या अभ्यासकांनी दिलेला खुलासा असा की, हे जर्मन ‘नाखगेबोरेन’ या शब्दाचे डच कानांनी केलेले रूपांतर आहे. ‘नाख’ म्हणजे नंतर. वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाला जर्मनमध्ये असे म्हणत. सतराव्या शतकात जर्मन प्रदेशांतून हॉलंडमध्ये कामासाठी आणि आश्रयासाठी येणाऱ्यांचा ओघ मोठा होता. त्यांच्यापैकी कोणाचे उपनाव चर्चच्या नोंदवहीत उतरवताना लेखनिकाला ‘नाख’ हा परका शब्द उमगला नसेल आणि त्याच्याशी मिळताजुळता, त्याच्या ओळखीचा ‘नाक्त’ त्याच्या लेखणीतून उतरला असेल. अपरिचित शब्दाला परिचित शब्दाचा साज चढवण्याची ही खोड सर्वच भाषांत आहे.

पूर्णविराम
या खुलाशाविषयी मला एक शंका आहे. जर्मन ‘नाख’ला डचमध्ये ‘ना’ हा सख्खा प्रतिशब्द आहे. लेखनिकाला अर्थ कळला असता तर त्याने ‘नाखेबोरेन’ असे सरळ भाषांतर केले असते, आणि अर्थ कळला नसता तर ऐकले तसे लिहिले असते. मधला ‘क्त’ आला कुठून?

आइंडहोवनकर
उच्चारात त्याचे उत्तर मिळू शकेल. डचमध्ये ‘ग’ अक्षराचा उच्चार घशातून काढलेल्या ‘ख’सारखा होतो. त्यामुळे डच माणूस ‘नाख’ आणि ‘खेबोरेन’ एकापाठोपाठ म्हणू लागला की दोन घशातले ‘ख’ एकमेकांवर आदळतात, आणि अशा वेळी पहिल्या ‘ख’चा ‘क’ होणे मला तरी अगदी स्वाभाविक वाटते. एकदा ‘नाक्’ झाले की ‘नाक्त’ दूर नाही. दुसरी गोष्ट स्वरांची. जर्मन ‘नाख’मधला आ दीर्घ आहे आणि डच ‘नाक्त’मधलाही दीर्घ आहे, पण नागड्यासाठीच्या जर्मन ‘नक्त’ या शब्दात तो ऱ्हस्व आहे. म्हणजे ही गफलत जर्मनमध्ये होण्यासारखी नव्हती, ती डच कानांतच होऊ शकत होती.

शेंडेफळ
माझ्या टोपणनावाला स्मरून एक भर घालतो. ‘नाखगेबोरेन’चा जर्मनमध्ये आणखी एक अर्थ आहे : मोठ्या भावंडांच्या बऱ्याच वर्षांनंतर झालेले मूल. लॅटिन ‘पोस्तुमुस’ची कथाही अशीच आहे. त्याचा मूळ अर्थ नुसता ‘सर्वांत शेवटचा’, म्हणजे आपले शेंडेफळ. बाप गेल्यानंतर झालेले मूल हे साहजिकच त्याचे शेवटचे मूल असल्यामुळे शब्दाचा अर्थ तिकडे सरकला, आणि पुढे लोकांना त्यात मातीवाचक ‘हुमुस’ शब्द दिसू लागल्यामुळे मध्ये एक ‘ह’ घुसवण्यात आला. इंग्रजीत तो ‘ह’ अजून लिहितात, उच्चारत नाहीत. म्हणजे एकाच अर्थाच्या दोन शब्दांना दोन भाषांत लोकव्युत्पत्तीने, म्हणजे ओळखीच्या शब्दाशी जोडून लोकांनी लावलेल्या मुळाने, झपाटले. लॅटिनमध्ये त्याला माती लागली, डचमध्ये त्याचे कपडे उतरवले.

जुना_मुद्रितशोधक
शेंडेफळ यांची नोंद उत्तम आहे, परंतु येथे ‘शेवटचा’ हा अर्थ चालणार नाही. आडनाव होण्याइतकी ओळख वेगळी उठून दिसायला हवी. शेवटचे मूल प्रत्येक घरात असते, पोरके जन्मलेले मूल मात्र गावाच्या लक्षात राहते. डच इतिहासातले ठळक उदाहरण पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या तिसऱ्या विल्यमचे आहे. त्याचे वडील ६ नोव्हेंबर १६५० ला देवीच्या रोगाने वारले आणि आठ दिवसांनी त्याचा जन्म झाला. आपल्याकडे सवाई माधवरावांचा जन्म एप्रिल १७७४ मधला, तर नारायणरावांचा खून ऑगस्ट १७७३ मधला. मैथिलीताईंनी तळटीपेत ‘पश्चाज्जात’ हा शब्द द्यावा, असे मी सुचवतो. तो नेमका आहे आणि शुद्ध आहे.

गावठाण
शुद्ध असेल, पण तो कोणाच्या तोंडी आहे? पश्चाज्जात वाचून वाचकाला आणखी एक तळटीप लागेल. ‘मरणोत्तर जन्मलेला’ असे लिहिण्याचा मोह काहींना होईल, तोही टाळावा, कारण मराठीत ‘मरणोत्तर’ हे ज्याचे मरण त्याच्याच संदर्भात येते, जसे मरणोत्तर सन्मान. त्या हिशेबाने मरणोत्तर जन्मलेले मूल म्हणजे स्वतः मेल्यावर जन्मलेले मूल ठरेल.

जुना_मुद्रितशोधक
वापरात नसलेला शब्द वापरल्याशिवाय वापरात येत नाही. आज ज्या शब्दांशिवाय आपले पान हलत नाही, त्यांतले अनेक कोणीतरी एकदा बसून घडवलेले आहेत.

गावठाण
घडवलेल्यांपैकी जे चालले तेवढेच आपल्याला दिसतात, जे पडले त्यांची गणती कोण ठेवतो? आमच्याकडे माझ्या चुलतआजोबांबद्दल बोलताना ‘ते पोटात असताना त्यांचे वडील गेले’ असेच सगळे म्हणत आणि त्यात काही कमी आहे असे कोणालाही वाटत नसे. प्रत्येक गोष्टीला एकच शब्द असलाच पाहिजे, हा हट्ट कशासाठी? तळटीपेत ‘बापाच्या पश्चात जन्मलेला’ असे चार अक्षरे जास्त खर्चून लिहावे आणि मोकळे व्हावे.

मैथिली_अनुवाद
चर्चा फार उपयुक्त होते आहे, मात्र आडनाव आज कितपत आढळते, हा प्रश्न मागे पडला आहे.

आकडेमोड
त्यावर थोडे लिहितो. डच आडनावांची एक सार्वजनिक माहितीपेढी आहे. ती अ‍ॅमस्टरडॅमच्या मेर्टेन्स संस्थेने उभारली आणि आता हेगच्या कुटुंबेतिहास केंद्राकडे आहे. तिच्यात तीन लाखांहून अधिक आडनावे असून प्रत्येकासमोर दोन गणना दिलेल्या असतात : एक १९४७ च्या जनगणनेवरची, दुसरी २००७ च्या नागरिक नोंदणीवरची. ज्या आडनावाची माणसे पाचांहून कमी आहेत, त्याचा नेमका आकडा छापत नाहीत. २००७ मध्ये सर्वाधिक आढळणारे आडनाव दे योंग हे होते, त्याची ८३,९३७ माणसे होती. त्यानंतर यान्सेन ७३,५३८ आणि दे फ्रीस ७१,०९९. तेव्हा देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे आडनावसुद्धा साधारण दोनशे माणसांत एकाचे. डच आडनावांचे खरे वैशिष्ट्य ही पांगापांग आहे, त्यामुळे तेथे ‘विरळ’ हे विशेषण जपून वापरावे लागते. नाक्तखेबोरेन त्या पहिल्या रांगांच्या आसपासही नाही, परंतु दोनचार घरांत उरलेल्या आडनावांइतके ते दुर्मीळही नाही.

नुसत्या आकड्यापेक्षा मला नकाशा अधिक बोलका वाटतो. दे योंग म्हणजे ‘धाकटा’. बापलेकांचे नाव एकच असले की ओळखीसाठी हे विशेषण जोडत. ही गरज गावोगावी पडत असल्यामुळे ते आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मले आणि देशभर पसरले. नाक्तखेबोरेन मात्र एका प्रांताच्या आसपास दाटलेले दिसते. असे आडनाव बहुधा एका किंवा मोजक्या मूळपुरुषांपासून आलेले असते. बापाविना जन्मलेली मुले सगळीकडे होती, तरी हे आडनाव सगळीकडे झाले नाही, यावरून ते एका विशिष्ट परदेशी माणसाला चिकटलेले उपनाव असावे, या तर्काला बळ मिळते.

पूर्णविराम
बळ मिळते, पुरावा मिळत नाही. एका जागी दाटलेले असणे हे ‘नागडा’ या अर्थालाही तितकेच अनुकूल आहे. एखाद्या गावात एखाद्याला गमतीने तसे नाव पडले आणि पुढे वंशाला चिकटले, असे का होऊ शकत नाही? नेपोलियन खोटा ठरला म्हणून थट्टाही खोटी ठरत नाही. आपण एक गोष्ट पाडून तिच्या जागी दुसरी, अधिक विद्वान दिसणारी गोष्ट बसवतो आहोत, एवढाच माझा आक्षेप आहे.

आइंडहोवनकर
थट्टेला दुसऱ्याहून वेगळेपण लागते. बुटका, लंगडा, तांबड्या केसांचा ही उपनावे पडतात, कारण सगळे तसे नसतात. नागडे तर सगळेच जन्मतात, मग त्या उपनावाने कोणाची ओळख पटणार?

गावठाण
आपल्याकडे उघडे हे आडनाव आहेच की. तेही वेगळेपण दाखवत नाही, तरी आहे.

जुना_मुद्रितशोधक
उघडे हे आडनाव ‘उघडा’ या विशेषणावरूनच आले, हे आधी सिद्ध करा. आज जो शब्द त्यात दिसतो तोच त्यात मुळात होता असे मानणे, हीच तर नेपोलियनच्या गोष्टीतली चूक आहे.

शेंडेफळ
डचांकडेही हेच आहे. फ्रीसलँडकडे पूप्येस नावाचे आडनाव आहे आणि डच मुले ते ऐकून खिदळतात, कारण ‘पूप’ म्हणजे विष्ठा. परंतु त्या भागात ‘पूप’ हा गवत कापायला येणाऱ्या जर्मन मजुरांना हिणवण्याचाही शब्द होता, आणि आडनाव त्यावरून आले, असे एक मत आहे. म्हणजे हसू येणाऱ्या दोन्ही आडनावांच्या मागे जर्मनीतून आलेली माणसे उभी असण्याचा संभव आहे.

आकडेमोड
हसण्याचा परिणाम आकड्यांवरही होतो. हास्यास्पद किंवा अशोभनीय आडनाव बदलून घेण्याची सोय डच कायद्यात आहे. त्याशिवाय १९९८ पासून मुलाला आईचे आडनाव देता येते आणि २०२४ पासून दोघांची आडनावे जोडूनही देता येतात. त्यामुळे एखादे आडनाव कमी झाले तर ते वंश खुंटल्यामुळे झाले की लोकांनीच सोडल्यामुळे, हे केवळ दोन गणना शेजारी ठेवून सांगता येत नाही.

मैथिली_अनुवाद
सर्वांचे आभार. नेपोलियनचा उल्लेख पूर्णपणे वगळून, ‘बापाच्या पश्चात जन्मलेला या अर्थाच्या जर्मन शब्दाचे हे डच रूप असावे, असे अभ्यासकांचे मत आहे’ एवढे एकच वाक्य संपादकांना पाठवले. त्यांचे उत्तर आले की यात मौज उरली नाही, त्यापेक्षा तळटीपच नको. आता केवळ लेखनाचा प्रश्न उरला आहे : ‘नाक्तखेबोरेन’, ‘नाक्तगेबोरेन’ की आणखी काही?

आइंडहोवनकर
‘ख’ ठेवावा. शेवटचा ‘न’ दक्षिण हॉलंडमध्ये बोलताना गळतो आणि ‘खे’मधला ए अगदी पुसट असतो, त्यामुळे काटेकोर लिहायचे तर ‘नाक्तखबोर’ असे काहीतरी होईल. ते मात्र मी सुचवणार नाही.

जुना_मुद्रितशोधक
ग्रंथ जर्मनमध्ये आहे, वाचकाला शोध घेताना रोमन लिपीतले ‘ग’ अक्षर दिसणार आहे, आणि आपण ‘ग’चा ‘ख’ केल्यास त्याला ते नाव सापडणार कसे? ‘नाक्तगेबोरेन’ लिहावे.

आइंडहोवनकर
मग दे योंगचे ‘दे जोंग’ करा आणि स्लायपरच्या रोमन लेखनात (Slijper) दिसणाऱ्या ‘ज’लाही जागा करून द्या. आडनाव ज्याचे आहे त्याच्या तोंडून ते कसे निघते, याला काही मान आहे की नाही?