शिडाच्या बोटींच्या रेसचे फोटो, काय चुकतंय?

नेरूळकर: रविवारी गेटवेसमोर रेस होती, हार्बर लाइन पकडून गेलो, कठड्यावरून ३०० एमएमच्या लेन्सने काढले पण शिडं पांढरीफटक आणि क्षितिज तिरकं??

खाडीकाठ: एक्स्पोजर (फोटोचा उजेड) उणे २/३ कर, क्षितिजासाठी स्क्रीनवरच्या ग्रिडच्या रेषा ऑन ठेव, शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको. पण कठड्यावरून काय मिळणार रे, खरी मजा बोयाला (पाण्यातल्या तरंगत्या खुणेला) वळसा घालतात तिथे, बोटी एकमेकींना खेटतात, माणसं कडेवरून बाहेर लटकलेली, दोर ओढताना हाताच्या शिरा दिसतात. ओळखीने लाँचवर (मोटरबोटीवर) जागा बघ.

ऐरोलीचा_भाऊ: लाँचवर ट्रायपॉड नको, मी नेलेला, सगळे हसले. कॅमेऱ्यावर खारं पाणी उडालं की ओलसर फडक्याने पूस, सुक्याने मीठ घासून ओरखडे पडतात. आणि नौदलाच्या गोदीकडे कॅमेरा फिरवू नकोस.

नेरूळकर: मी शर्टाने पुसत होतो 🙈