बाळाच्या सुरम्यातील शिसे कुठे तपासून मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या भाचीच्या आठ महिन्यांच्या मुलीच्या डोळ्यांत गेले तीन महिने रोज रात्री जत्रेतून आणलेला सुरमा घातला जात होता, हे मला परवा तिला मांडीवर घेतल्यावर कळले. पितळी डबीवर ना उत्पादकाचे नाव आहे, ना बॅच क्रमांक. चिमूटभर पूड बोटांवर चोळली तेव्हा काजळीसारखा मऊ काळा डाग न पडता करडी चमक दिसली आणि मनात पाल चुकचुकली. तुपाच्या दिव्यावर धरलेले काजळ म्हणजे मुख्यतः काजळी. पारंपरिक सुरमा मात्र अनेकदा गॅलेना, म्हणजेच शिशाचे सल्फाइड, दळून केलेला असतो. बाळ डोळे चोळते आणि तीच मूठ तोंडात घालते, हे पाहिल्यापासून मला चैन नाही, कारण लहान मुलांच्या बाबतीत शिशाचे कोणतेच प्रमाण सुरक्षित मानले जात नाही.

सुरमा लगेच बंद केला आहे आणि रक्तातील शिशाच्या तपासणीसाठी बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. पुणे परिसरात खाजगी व्यक्तीकडून नमुना स्वीकारून आयसीपी-एमएस पद्धतीने (अतिसूक्ष्म प्रमाणातील धातूही मोजणारी चाचणी) शिसे मोजून देणारी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळा कोणाला माहीत आहे का? डबीत जेमतेम दोन ग्रॅम पूड उरली आहे. तेवढी पुरेल का? सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 नुसार रंगासाठी शिशाची संयुगे वापरण्यास मनाई आहे. मग अशा बिननावाच्या मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे नेमकी कशी नोंदवावी, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.