डच होमलोनचे शब्द इंग्रजीत करावेत की तसेच ठेवावेत?

कालव्याकाठचा: नेदरलँड्समध्ये घर घेणाऱ्या आपल्या लोकांना हल्ली बरेच कागद इंग्रजीत करून मिळतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यातले निम्मे शब्द डचच ठेवावेत. 'आफ्लोसिंग्सफ्रेय' हा कर्जाचा प्रकार घ्या. शब्दशः इंग्रजी केलं की 'रिपेमेंट फ्री', म्हणजे वाचणारा खूश, फेडायचंच नाही! अहो, दरमहा फक्त व्याज जातं, मुद्दल मुदतीच्या शेवटी अख्खंच्या अख्खं दारात उभं राहतं. वर २०१३ पासूनच्या नव्या कर्जांना व्याजावर टॅक्सची सूट हवी तर ३० वर्षांत ॲन्युइटी (दरमहा सारखा हप्ता) किंवा लिनिअर (दरमहा सारखं मुद्दल) पद्धतीने पूर्ण फेडावंच लागतं, म्हणजे या प्रकारात सूटही गेली.

कागदी_घोडा: तुमचा राग वाईट भाषांतरावर आहे हो, भाषांतरावर नाही. 'इंटरेस्ट ओन्ली' म्हटलं की विषय संपला. घराचा दस्त करणाऱ्या नोटारिससमोर सही करताना डच येत नसेल तर दुभाषा बसवतात, तो काय डच शब्द डचमध्येच वाचून दाखवणार?

कालव्याकाठचा: बरं, मग 'नोटारिस'चंच इंग्रजी करा. 'नोटरी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा येतो. इथला नोटारिस कायदा शिकलेला, घराचे पैसे त्याच्या खात्यातून फिरतात, मालकी त्याच्या दस्ताशिवाय बदलत नाही.

सातबारा_प्रेमी: यात मराठीच भारी पडते बघा. 'हिपोतेकखेव्हर' म्हणजे हिपोतेक (गहाण) देणारा, लोकांना वाटतं बँक, पण तो असतो कर्ज घेणारा, कारण तारण तो देतो. इंग्रजीत मॉर्टगेजर आणि मॉर्टगेजी, फक्त शेवटाचा फरक, हमखास उलटं होतं. आपल्या गहाणखतात सरळ 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. डचांचं अगदी तसंच आहे!

कागदी_घोडा: हे मस्त, पण बायकोचं माहेर इंदूरचं, कर्ज दोघांच्या नावावर, तिला गहाणखताचं मराठी सांगू की इंग्रजी?

पगारपत्रक: टॅक्सच्या शब्दांबाबत मात्र मी धागाकर्त्याच्या बाजूने. 'आयखनवोनिंगफोर्फे'चं इंग्रजी कुठेकुठे 'नोशनल रेंटल व्हॅल्यू' दिसतं, मग लोक विचारतात घर भाड्याने दिलंच नाही तर भाडं कसलं. बहुतेक घरांना सरकारी किमतीच्या ०.३५ टक्के रक्कम तुमच्या उत्पन्नात धरतात, बस. 'बॉक्स ३' (डच आयकरातला बचत-गुंतवणुकीचा भाग) तेवढं तसंच राहिलंय, कुणी अडलेलं बघितलं नाही. १ जानेवारीला तुमच्याकडे किती बचत, किती शेअर्स, त्यावर मानीव परतावा धरून टॅक्स. त्याचं इंग्रजी 'सेव्हिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट इन्कम' वाचून माणूस मिळालेलं व्याज शोधत बसतो.

कागदी_घोडा: म्हणजे डच शब्द ठेवूनही समजावायला तीन ओळी लागल्याच ना तुम्हाला.

कालव्याकाठचा: लागल्या, पण बँकेच्या पत्रात उद्या तोच शब्द दिसला की ओळखता तरी येईल. बहुतेक पत्रं डचच येतात, आणि वाद झाला तर सही केलेला डच दस्तच बघतात.